शाळेतले स्टार, पॉइंट्स आणि गिफ्ट : तुमच्याकडे पण आहे का हे प्रकरण?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहायलाच बसले. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, लेक तिसरीत आहे. यंदा तिच्या शाळेने स्टार कार्ड काढलंय. वेळेवर आली की एक स्टार, होमवर्क पूर्ण असेल तर एक, वर्गात इंग्लिश बोलली तर एक आणि वर्गातल्या कपाटातलं पुस्तक वाचून परत केलं की दोन. महिनाअखेरीला मोजणी होते आणि ज्याचे जास्त त्याला सगळ्यांसमोर गिफ्ट. गिफ्टसाठी पालकांकडून टर्मचे तीनशे रुपये घेतलेत ते वेगळंच.

सुरुवातीला मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू, सकाळी उठवायची कटकट संपली. पण आता वेगळंच सुरू झालंय. ही पोरगी आधी पेपरच्या पुरवणीपासून वाण्याकडच्या पुडीच्या कागदापर्यंत काहीही वाचायची. आता शाळेतून फक्त बारीक, आठ-दहा पानांची चित्रांची पुस्तकं आणते, पटपट उलटते आणि परत देते. घरचं पुस्तक हातात दिलं तर म्हणते याचे स्टार कुठे मिळतात. हिच्या वर्गातला एक मुलगा तर म्हणे पुस्तकं उघडतच नाही, मागची चार ओळींची माहिती पाठ करून जातो.

शनिवारी पालकसभा आहे. बोलू का नको? "तुमच्या एकटीलाच प्रॉब्लेम" असं व्हायला नको म्हणून आधी इथे विचारतेय.

तर्रीबाज
तीनशे रुपये तुमचे, पोरगी तुमची, मेहनत तिची, आणि मधला स्टार तेवढा शाळेचा. बिझनेस मॉडेल आवडलं आपल्याला.

सातपूर_शिफ्ट
ताई राग मानू नका पण मला उलटं वाटतं. आमच्या पोराला मागच्या वर्षी हजेरीसाठी कंपासपेटी मिळाली, साधीच होती, पण त्याला आजपर्यंत शाळेत कशाचंच बक्षीस मिळालं नव्हतं. नंबर येणाऱ्यातला तो नाही आणि येणार पण नाही बहुतेक. मी शिफ्टला, बायको पण कामाला जाते, घरी कोण शाबासकी द्यायला बसलंय. ती पेटी त्याने टीव्हीशेजारी ठेवलीय आणि कुणालाही हात लावू देत नाही. त्यामुळे बक्षीस म्हणजे वाईटच असं सरसकट म्हणू नका. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांना हे प्रश्न पडतात असं मला वाटतं, स्पष्ट बोललो.

गोदाकाठ
राग कशाला, बरोबरच आहे तुमचं. हजेरीच्या बक्षिसाला माझा विरोध नाहीच, मला त्या पुस्तकांच्या स्टारचा त्रास होतोय.

आकडेमोड
धागाकर्तीच्या शेवटच्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. यावर एक फार गाजलेला प्रयोग झालाय, १९७३ सालचा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी केलेला. तीन ते पाच वर्षांची पोरं, आणि ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं अशीच निवडली. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी स्टार आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेन नुसतेच ठेवले आणि कोण आपणहून चित्र काढतंय ते लांबून पाहिलं. तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलेलं ती पोरं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ त्या पेनांशी खेळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा रस मात्र कमी झाला नाही.

म्हणजे बिघडवलं ते सर्टिफिकेटने नाही, "हे केलंस तर ते देईन" या सौद्याने. आणि बिघडलं कुणाचं, तर ज्यांना आधीच आवड होती त्यांचं. तुमची लेक नेमकी त्यातली. सातपूर_शिफ्ट यांच्या मुलाची केस वेगळी आहे, त्याला शाळेचं वेड होतं आणि पेटीने घालवलं असं काही झालेलं नाही. त्यामुळे तुम्ही दोघं भांडताय असं वाटतच नाही मला.

सातपूर_शिफ्ट
भांडत नव्हतोच राव, पण आता भारी वाटलं वाचून.

रंगपेटी
स्केचपेनचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. मी चित्रकला शिक्षिका, शहरातच एका खासगी अनुदानित शाळेत. अमेरिकेला जायची गरजच नाही हो, आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा आहेत ना. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. त्यामुळे होतं काय की आठवी-नववीत वर्ग गच्च भरतो. ज्या पालकांनी आजवर चित्रकलेच्या वहीचं पान उलटलं नाही ते फोन करून विचारतात, मॅडम अ श्रेणी पक्की ना. मग मुलं काय करतात, वस्तुचित्रात तोच माठ, तोच कांदा, तीच घडी पडलेली चादर, शंभर वेळा गिरवून हात बसवतात. स्मरणचित्राचे दोन विषय घोटून ठेवायचे, बाजार आणि बसस्टॉप, पेपरात काहीही येवो, माणसं तीच, फक्त हातात पिशवीऐवजी पिचकारी. निकाल लागतो, सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट येतं, रंगपेटी माळ्यावर जाते. ज्याला खरंच गती होती असा मुलगा पण मी असा गमावलेला आहे, आता दिसला की गालात हसतो आणि म्हणतो मॅडम आता वेळ नाही मिळत.

पण खरं सांगते, हे गुण उद्या बंद केले तर बऱ्याच शाळांत चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना जाईल. आत्ता निदान त्या सात गुणांच्या जिवावर तास टिकून आहे आणि गच्च वर्गातली दोन-तीन पोरं परीक्षेनंतरही काढत राहतात. त्यामुळे मी गुणांच्या त्या जीआरवर, म्हणजे सरकारी आदेशावर, चिडते आणि सप्टेंबर आला की फॉर्म पण भरून घेते.

तर्रीबाज
पिशवीऐवजी पिचकारी... मॅडम माझं पण ‘बाजार’च पाठ होतं. क श्रेणी.

खडूफळा
शहरातली चर्चा वाचतोय दोन दिवस, आता आमच्या इकडचं सांगतो. मी झेडपीचा शिक्षक, पेठ तालुक्यात, आधी सुरगाण्यात होतो. आमच्याकडे प्रश्न पोरगं आवडीने वाचतं का हा नंतरचा, आधी ते गावात आहे का हा. दिवाळीनंतर आमचे निम्मे पालक दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला उतरतात, ते थेट मार्च-एप्रिलला परततात. धाकटी पोरं बरोबर जातात, मोठी मुलगी त्यांना सांभाळायला जाते.

सरकारने या गोष्टीसाठी जे जे केलं ते सगळं प्रोत्साहनच आहे की. १९९२ पासून मुलींना उपस्थिती भत्ता आहे, दारिद्र्यरेषेखालच्या, मागास समाजातल्या, पहिली ते चौथीच्या, दिवसाला १ रुपया. ९२ साली त्या रुपयाला थोडी तरी किंमत होती, नंतर वर्षानुवर्षं तोच रुपया राहिला. त्यासाठी कुणाची आई मुलगी मागे ठेवणारे? नंतर १९९५ ला शालेय पोषण आहार आला, तेव्हा शिजवून नव्हता, ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायचा. वाटपाच्या दिवशी वर्ग फुल्ल, बाकी दिवशी बघायला नको. आणि ७६ टक्के हजेरीचं पोरगं समोर उभं असलं, त्याची आजी पिशवी घेऊन दारात बसलेली असली, तर कोणता मास्तर तांदूळ नाकारेल सांगा. पेन आपोआप ८० कडे वळायचा. २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवूनच द्या म्हणून सांगितलं आणि मग खिचडी सुरू झाली, तेव्हा खरा फरक पडला, कारण खिचडी खायला त्या दिवशी शाळेत यावंच लागतं, रजिस्टरला भूक लागत नाही.

त्यामुळे बक्षीस चांगलं का वाईट हे विचारण्याआधी ते कशाला जोडलंय आणि मोजतंय कोण ते बघा. तुमच्या त्या मागची माहिती पाठ करणाऱ्या पोराला मी दोष देणार नाही. शाळेने ‘पुस्तक परत केलं’ याला स्टार ठेवलाय, तो परत करतोय.

निफाडची_थंडी
सरांनी आमच्याकडचा विषय काढला म्हणून बोलतो, मी बागाईतदार, शाळेशी संबंध पोरांपुरताच. आमच्याकडे द्राक्षाच्या विरळणीला (घडातले जास्तीचे मणी कापणं) नि डिपिंगला (घड औषधात बुडवणं) मजुरांच्या टोळ्या येतात, काही उक्तं घेतात म्हणजे एकराचा ठरलेला भाव आणि काही रोजाने. उक्त्यात काम झपाट्याने उरकतं पण मी जर बांधावर नसलो तर आतल्या फांदीचे घड तसेच राहतात, मण्याला कात्री लागते, आणि ते कळतं कधी तर माल पॅक करताना. रोजाने लावलं तर काम सावकाश पण घड हातात घेऊन बघतात. म्हणून आम्ही सोप्या कामाला उक्तं देतो आणि जिथे नजर लागते तिथे रोज. शाळेने पण तेच करावं, वेळेवर येणं, नखं कापणं याला द्या स्टार, वाचनाला कशाला उक्तं लावता.

गोदाकाठ
दादा हे मी सभेत असंच्या असं सांगणार आहे, चालेल ना?

निफाडची_थंडी
खुशाल सांगा. फक्त भाव विचारू नका यंदाचा.

पेन्सिल_टोक
सगळे एवढं खोलात जातायत, आमच्या वेळी छडी होती, गुपचूप अभ्यास करायचो. कसले स्टार नि कसली गिफ्ट. लाडावून ठेवलीत पोरं.

रंगपेटी
छडी आता कायद्याने बंद आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७, मारायचं नाही आणि मानसिक त्रास पण द्यायचा नाही. आणि गुपचूप अभ्यास करणारे तेवढे तुम्हाला आठवतात, छडीला भिऊन शाळा सोडलेले या फोरमवर लिहायला येणार कुठून.

पंचवटी_आजोबा
निवृत्त मुख्याध्यापक आहे, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. एक जुनी गोष्ट इथे यायलाच हवी. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, जे निवेदन दिलं त्यात हा विषय स्पष्ट आहे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यांची मागणी पुष्कळांना माहीत असते. पण त्याच निवेदनात पुढे ते म्हणतात की गावातली शेतकरी कुटुंबं गरिबीमुळे आणि पोरं गुरांमागे, शेतात लागतात म्हणून शाळेपासून लांब राहतात, तेव्हा नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं ठेवा म्हणजे ते मुलांना पाठवतील आणि मुलांत शिक्षणाची गोडी तयार होईल. म्हणजे त्यांच्या डोक्यात बक्षीस हे गोडी लागण्याआधीचं पाऊल होतं, आणि ते सुद्धा ज्याचं शाळेत येण्याने घरचं नुकसान होतं त्याच्यासाठी. इंदिरानगरच्या पोरीला पुस्तक वाचल्याबद्दल प्लास्टिकचा डबा द्या असं त्यांचं म्हणणं नव्हतं.

दुसरी बाजू आपल्याच जिल्ह्यातली. सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. बडोद्याला गेल्यावर त्यांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं आणि मूल पाठवलं नाही तर पालकाला दंड ठेवला. एकाने बक्षीस मागितलं, एकाने दंड लावला. पण दोघांचा रोख मोठ्या माणसांवर आणि सरकारवर होता, आठ वर्षांच्या लेकरावर नाही. आता मात्र सगळं लेकराच्या कार्डावर.

खडूफळा
आजोबा, हे शेवटचं फार पटलं. आमच्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवीपुढच्या मुलींना सायकली मिळतात, ते पण असंच, अडचण अंतराची होती ती काढली, मुलीला तू हुशार हो मग देऊ असं नाही म्हटलं.

आकडेमोड
सायकलीवर बिहारचा चांगला अभ्यास आहे. तिथे २००६ ला नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा माध्यमिक शाळेत त्या वयाच्या मुलींची नोंदणी साधारण ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि जास्त फरक शाळा लांब असलेल्या गावांत.

पण आजोबा आणि सर, मुलांना थेट बक्षीस दिलं की ते फुकटच जातं असंही नाही हं. रोलंड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेत २००७ च्या आसपास चक्क रोख पैसे वाटून पाहिले, वेगवेगळ्या शहरांत वेगळ्या गोष्टींसाठी. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या मार्कांना पैसे. निकाल, काहीच फरक नाही. पोरं खूश होती, पण आणखी पैसे मिळवायला काय कराल विचारलं तर म्हणायची पेपर नीट वाचू, उत्तरं परत तपासू. जास्त अभ्यास करू, सरांना विचारू असं काही त्यांना सुचलंच नाही, कारण मार्क नेमके येतात कशाने हेच माहीत नव्हतं. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरची छोटी कॉम्प्युटर चाचणी पास केली की २ डॉलर. आणि तिथे वाचून समजण्याचे मार्क वाढले. म्हणजे वाचनाला बक्षीस तिथे चाललं.

गोदाकाठ
अरे! मग आता मी सभेत काय बोलू, माझी बाजूच गेली की

आकडेमोड
गेली नाही. एक म्हणजे तिथे चाचणी होती, मागची माहिती पाठ करून चालत नव्हतं. दुसरं, त्या शाळांतली बरीचशी मुलं गरीब घरांतली आणि वाचनात मागे पडलेली होती, तुमच्या लेकीसारखी पुडीचा कागद वाचणारी नाहीत. डॅलसमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचा एक गट होता, त्यांच्याबाबत निकाल इतके सरळ आले नाहीत. त्यामुळे माझं मत असं की ज्याला वाचता येत नाही म्हणून तो वाचत नाही त्याला थोडे दिवस स्टार द्यायला हरकत नाही. जो वाचतोच त्याला देऊ नका. पण एका वर्गात हे दोन नियम बाई राबवणार कशा हे मात्र मला माहीत नाही, चाळीस-पन्नास पोरं असतात.

सातपूर_शिफ्ट
आणि ते "ज्याचे जास्त त्याला गिफ्ट" हे तर बंदच पाहिजे. दर महिन्याला तीच चार पोरं स्टेजवर जाणार. आमच्या पोराला पेटी मिळाली कारण ठरलेली हजेरी भरली की मिळणार होती, दुसऱ्याला हरवायचं नव्हतं.

खडूफळा
+१. मी वर्गात एवढंच करतो, पोराच्या कालच्या वाचनाशी आजचं. सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या तक्त्यात तसंही ते भरावंच लागतं, शब्द वाचतो, वाक्य वाचतो, उतारा वाचतो. पुढच्या पायरीवर गेला की त्याने फळ्यावर आपलं नाव लिहायचं, स्वतःच्या हाताने. बक्षीस म्हटलं तर तेवढंच, खर्च खडूचा. आणि मोठ्याने वाचायला दुसरीच्या पोरांना चौथीच्या पोरांजवळ बसवतो. चौथीतला जो सगळ्यात दंगेखोर आहे तो आपल्या दुसरीवाल्यासाठी आदल्या दिवशी धडा वाचून येतो, मी सांगत पण नाही.

पंचवटी_आजोबा
यात अचानक दिलेलं सर्टिफिकेट पण बसतं, आकडेमोडांनी सांगितलं तसं. आम्ही गॅदरिंगला एखादं पुस्तक द्यायचो, कुणाला ते आधी जाहीर करायचो नाही.

गोदाकाठ
सभा झाली काल. दोघी-तिघी पालक माझ्या बाजूने बोलल्या, दोघं कडाडून विरोधात, "स्पर्धा नको तर मुलं पुढे टिकणार कशी" वगैरे. निफाडच्या दादांचं उक्तं सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचे एक काका, मोहाडीकडचे असावेत, जोरात "बरोबर" म्हणाले आणि सगळे हसले, वातावरण जरा सैल झालं. वर्गशिक्षिका बिचाऱ्या म्हणाल्या योजना त्यांची नाहीच, वरून आलीय, त्यांना पन्नास कार्डं रोज भरायचा वैताग आलाय. शेवटी हेडमिस्ट्रेसनी एवढं मान्य केलं की पुस्तकांचे स्टार बंद, आणि उरलेल्या पैशांतून वर्गाच्या कपाटात नवीन पुस्तकं, कोणती ते मुलांनी सांगायचं. हजेरी-होमवर्कचे स्टार चालू राहणार. इंग्लिश बोलण्याच्या स्टारवर मी मराठीचं काय असं विचारलं तर त्यावर पुढच्या सभेत बोलू म्हणाल्या.

एक प्रश्न राहिला. पुस्तकांचे जे स्टार आधीच जमलेत ते रद्द करायचे म्हणतायत. लेक चिडलीय, तिचे बरेच आहेत.

खडूफळा
रद्द अजिबात करू देऊ नका. कबूल केलेलं आहे ते आधी चुकतं करा, सगळ्यांचं, त्या मागची माहिती पाठ करणाऱ्याचं पण, आणि मग बंद करा. सोमवारी बाईंना भेटून सांगा.

तर्रीबाज
आणि गिफ्ट काय मिळालं ते इथे टाका. डबा असेल तर आजोबा जिंकले.